सामन्याकडे पाठ करून

पहाटे ५.३०
गजराआधी फोन वाजतो. ट्रकवाला विचारतोय, "मॅडम, मागचं गेट उघडं आहे ना?" क्रीडा व्यवस्थापनात पदव्युत्तर पदवी घेताना 'लॉजिस्टिक्स' नावाचा पेपर होता, त्याचा सारांश हाच. आई गावाकडे सांगते, "पोरगी कबड्डीत आहे." मग शेजारणी माझे दंड न्याहाळतात.

सकाळी ७
पुण्यातल्या बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. तिथल्या बॅडमिंटन हॉलमध्ये आज कबड्डी. मॅटचे तुकडे एकमेकांत अडकवून १३ बाय १० मीटरचं मैदान तयार होतं. ते झालं की मी चपला काढून सगळ्या सांध्यांवरून चालते. पायाला जिथं कंगोरा लागतो, तिथं रात्री एखाद्या चढाईपटूचा घोटा जाऊ शकतो. हे कुणी शिकवलं नव्हतं. मॅट जोडणाऱ्या एका काकांनी पहिल्या वर्षी सांगितलं, तेव्हापासून करते.

सकाळी ९.३०
प्रायोजकांची यादी. कुणाचा लोगो एलईडी बोर्डवर किती सेकंद, कुणाचा जर्सीच्या बाहीवर, कुणाचा पंचांच्या टेबलावर. करारात लिहिलेलं जे दिसलं नाही, त्याचे पैसे कापले जातात. म्हणून एक मुलगा ओलं फडकं घेऊन दुसऱ्याच कंपनीच्या पाण्याच्या बाटल्यांची लेबलं खरवडतोय. पुस्तकात या प्रकाराला 'अँबुश मार्केटिंगपासून संरक्षण' म्हणतात.

११.४५
ओळखपत्रं. लाल पट्टी म्हणजे मैदान, निळी म्हणजे प्रेस, हिरवी म्हणजे फक्त गॅलरी. एका पुढाऱ्याच्या माणसाला बारा लाल हवीत. दोन हिरवी आणि चहा यावर मिटतं.

दुपारी १.३०
डबा उघडते तोच सांगलीहून फोन. खो-खोत राज्य पातळीवर खेळलेला, बी.कॉम. झालेला मुलगा. "ताई, हा कोर्स करू का? वडील म्हणतात, खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, स्पर्धा परीक्षा दे."

वडिलांचं चूक नाही, असं मी सांगितलं तर त्याला राग येतो. बाहेरून या क्षेत्राचा आकडा डोळे दिपवतो: आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्यातला थेंब हॉलच्या मागच्या गेटापर्यंत येता येता सुकतो. मला पहिला पगार मिळाला तो इंजिनियर मैत्रिणीच्या निम्मा, आणि तोही स्पर्धा संपेपर्यंत. आमचं वर्ष ऊसतोडीसारखं हंगामाचं. थंडीत कबड्डी आणि मॅरेथॉन, उन्हाळ्यात क्रिकेट, मध्ये भाकड महिने. २०२२मध्ये अल्टिमेट खो-खो ही लीग याच संकुलात झाली, तेव्हा वाटलं आता घराजवळच काम. पुढचा हंगाम कटकला गेला.

माझ्या वर्गातले निम्म्याहून कमी आज खेळात आहेत. टिकले ते कोण? एक जण शाळांची मैदानं आणि प्रशिक्षक सांभाळतो, त्याला महिन्याच्या महिन्याला पगार आहे. एक बुटांच्या कंपनीत, एक प्रक्षेपणात. तिघांनाही हिशेब येतो आणि माणसं धरून ठेवता येतात. खेळाचं वेड सगळ्यांनाच होतं, ते निकषात बसत नाही.

"मग डिग्री कशाला?" त्याचा प्रश्न. ओळखींसाठी. टिकून राहण्याचा धडा मात्र एका क्रिकेटपटूकडून घे. डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णींनी १९९७मध्ये कोलंबोत कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. त्याच डावात श्रीलंकेने ९५२ धावा केल्या आणि ७० षटकं टाकूनही कुलकर्णींना दुसरा बळी मिळाला नाही. पुढे त्यांनीच मुंबईत क्रीडा व्यवस्थापनाची संस्था काढली. पहिल्या चेंडूनंतरही ७० षटकं टाकावी लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! संस्था निवडताना इमारत पाहू नकोस, मागच्या तीन वर्षांची मुलं कुठं आहेत ते त्या मुलांनाच विचार, एवढं सांगून मी गार पोळी संपवते.

संध्याकाळी ६.३०
दारं उघडतात. जनरेटर तपासला, रुग्णवाहिका जागेवर.

रात्री ८
पहिला सामना. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. प्रेक्षक चढाईचे तीस सेकंद मोजतात, मी जिना आणि आणीबाणीचं दार बघते. मैदानाकडे माझी पाठ. लोण पडला की आरोळीवरून कळतं. मॅटवरचा घाम पुसणारी पोरं वेळेत आत-बाहेर झाली, म्हणजे माझा सामना जिंकला.

रात्री १२.१५
घरी. एका मॅरेथॉनचं बिल पाच महिने अडकलंय. त्या आयोजकांना चौथं स्मरणपत्र पाठवते, भाषा अजून नम्रच.

मग सांगलीच्या मुलाला निरोप: फी भरण्याआधी शनिवारी इकडे ये, एक दिवस स्वयंसेवक म्हणून काम कर. सकाळी सातला मागच्या गेटला. काळी पँट, वापरलेले बूट. भत्ता आणि जेवण मिळेल. सामना दिसेलच असं नाही.