विंडोजवांचून फर्मवेअरचें नूतनीकरण

लॅपटॉपची कळ दाबल्यावर पडद्यावर कंपनीचें चिन्ह उमटतें, तोंपर्यंत यंत्राच्या अंतरंगांत बरेंच कांहीं घडून गेलेलें असतें. एका लहानशा चिपमध्यें कायम वस्ती करून असलेली आज्ञावली प्रथम जागी होते, स्मृति, कळफलक आदि अवयवांची हजेरी घेते आणि मगच लिनक्स किंवा विंडोज यांजकडे कारभार सोंपविते. हेंच फर्मवेअर. त्यांत दोष राहिला, तर वरची व्यवस्था कितीहि चोख असो, चोरास तळघराचें दार उघडेंच!

दोषदुरुस्ती कंपन्या पुरवीत, पण ती बहुधा विंडोजवर चालणाऱ्या कार्यक्रमाच्या रूपानें. मग लिनक्स वापरणाऱ्यानें काय करावें? कोणी केवळ याचसाठीं एका कोपऱ्यांत विंडोज जतन करी; पुष्कळजण तर दुरुस्तीचा नादच सोडीत.

ही अडचण रेड हॅटमधील रिचर्ड ह्यूज यांनीं ओळखली. २०१५ सालीं त्यांनीं 'एफडब्ल्यूअपडी' हा कार्यक्रम सिद्ध केला. कंपन्यांनीं आपलीं फर्मवेअरें आणून ठेवावींत, असें 'एलव्हीएफएस' नांवाचें भांडारहि त्याच्या जोडीस उभें राहिलें. डेलनें लवकरच साथ दिली. लेनोव्हो २०१८ मध्यें आली.

यांतील खरी गंमत अशी कीं, चिपवर नवें लेखन लिनक्स करीतच नाहीं. कंपनीच्या सहीची 'कॅप्सूल' तें एका राखीव विभागांत ठेवतें आणि यंत्र पुन्हां सुरू करतें. मग जुनें फर्मवेअर स्वतःच ती सही पारखून नवा मजकूर चिपवर उतरवितें. लिनक्स काय, विंडोज काय, दोघेहि येथें लखोटा पोंचविणारे टपालवालेच! मात्र यंत्र यूईएफआय पद्धतीनें सुरू होणारें असावें. जुन्या बायॉस पद्धतीवर ही कॅप्सूल चालत नाहीं.

लेखन चालूं असतां चार्जर काढूं नये. पडदा कांहीं मिनिटें काळा राहिला, तरी घाबरून कळ दाबूं नये. लेखन अर्धवट राहिल्यास कांहीं यंत्रें राखीव प्रतीच्या बळावर सावरतात. इतरांची चिप बाहेरून जोडलेल्या उपकरणानें पुन्हां लिहावी लागते. तबकडीचें कुलूप टीपीएम चिपशीं बांधलेलें असेल, तर नूतनीकरणानंतर तें पुनःप्राप्तीची किल्ली मागूं शकतें. ती आधींच कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

सर्वच प्रतिमानें या भांडारांत नाहींत. नवा लॅपटॉप लिनक्ससाठीं घेणाऱ्यानें पैसे मोजण्यापूर्वीं त्याचें नांव तेथील यादींत शोधावें.