माशाला हात लावण्यापूर्वी

पुष्कळ घरांत रविवार आला की काचपेटी धुण्याचा कार्यक्रम निघतो. मासे जाळीने काढायचे, बादलीत टाकायचे, पेटी लख्ख करायची आणि मासे परत सोडायचे. चार-आठ दिवसांनी एखादा मासा उलटा तरंगू लागतो. मग कुणी पाण्याला दोष देतो, कुणी दुकानदाराला. जाळीचे नाव मात्र कुणी घेत नाही. आज तिचाच विचार करू या.

जाळी अंगावर आली की माशाला ते संकटच वाटते. क्षणार्धात त्याच्या रक्तात ॲड्रेनॅलिन उतरते. पाठोपाठ कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्य वाढते. माणसात ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत तयार होते. आपल्या नेहमीच्या माशांत तशी वेगळी ग्रंथी नसते. मूत्रपिंडाच्या डोक्याकडील भागातल्या पेशी हे काम करतात. रक्तातली साखर वाढते, कल्ल्यांतून रक्त जोराने वाहू लागते. बगळ्याच्या चोचीतून निसटायला ही तयारी उत्तम! पण तिची किंमत असते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरातले क्षार कल्ल्यांवाटे बाहेर जाऊ लागतात आणि पाणी आत शिरते. धोका लवकर टळला तर काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात, हे पूर्ववत होते. तो वारंवार आला, तर रोगाशी झगडण्याची शक्ती खालावते. मासा लगेच न मरता काही दिवसांनी का मरतो, याचे एक कारण हे.

आता तुम्ही म्हणाल, ‘थोडा वेळ तर उचलला, त्याने काय होते?’ १९८६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सामन माशांच्या पिल्लांना तीन-तीन तासांच्या अंतराने तीनदा हाताळून पाहिले. प्रत्येक खेपेस कॉर्टिसॉल आधीपेक्षा वर चढले. पहिला हिशेब मिटण्याआधीच दुसरा सुरू झाला होता!

हवेचे तर विचारूच नका. पाण्यात कल्ल्यांच्या नाजूक पात्या सुट्या राहतात. हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास कोंडतो. कॅनडातला एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. ट्राऊट मासे दमेपर्यंत पळवले. नुसत्या दमवलेल्यांपैकी बारा तासांनंतर शेकडा ८८ जगले. दमल्यावर अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी ६२ आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी अवघे २८!

मग माशाला भीती वाटते का? आपल्याच देशातल्या ओढ्यातळ्यांत राहणारा पट्टेरी झेब्रा मासा नव्या भांड्यात सोडला, की प्रथम तळाशी दडून बसतो आणि हळूहळू वर येतो. माणसाची चिंता कमी करणारी काही औषधे दिली, तर तो लवकर वर येतो. त्याचे मन आपल्यासारखेच आहे असे यावरून म्हणता येणार नाही. पण तो निर्विकार आहे, असेही म्हणवत नाही.

मत्स्यशेतकऱ्याचा तर हा पोटाचा प्रश्न. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीजाची वाट मोकळी झाली. पण या रीतीत नर-मादी धरावे लागतात, तोलावे लागतात, टोचावे लागतात. जाणता माणूस हे काम झटपट, ओल्या मऊ कापडात धरून करतो. मत्स्यबीज पिशव्यांत भरण्यापूर्वी ते काही तास उपाशी ठेवतात, म्हणजे प्रवासात पाणी कमी घाण होते.

घरी एवढे सांभाळा. पेटी पूर्ण रिकामी करू नका. नळीने थोडेच पाणी बदला. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवा. माशाला धरावेच लागले तर हात ओले करा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला दार उघडते. मऊ जाळी वापरा, पाठलाग करू नका, काम झाल्यावर दिवा मंद करून त्याला स्वस्थ राहू द्या. माशाची सेवा बरेचदा हात आवरण्यातच असते.