भोंगा वाजला की पुस्तक उघडते

चांगली गोष्ट आपल्याला पटलेली असते. परंतु ती वेळेवर आठवत नाही, किंवा एकट्याने करण्यास मन धजत नाही. अशा वेळी दंड अथवा सक्ती न करता योग्य वर्तन सोपे करून देणे, यास अर्थशास्त्रात ‘नज’ म्हणतात. म्हणजे कोपराने हलकेच सुचविणे. रिचर्ड थेलर व कास सनस्टीन यांनी २००८ साली याच नावाचे पुस्तक लिहिले. थेलर यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचे उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्यात घडले. कोरोनाकाळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाईल आले. शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. तेव्हा कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये महिलांची सभा घेऊन उपाय ठरविला. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद. ८.३० वाजता दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावयाचा. सुरुवातीस आशा सेविका, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर जाऊन समजावीत.

यातील मर्म काय? एका आईने टीव्ही बंद केला तर घरात कुरबुर होते, आणि शेजारच्या टीव्हीचा आवाज चालूच राहतो. सारे गाव एकाच वेळी बंद करते तेव्हा कोणाकडेही वाईटपणा येत नाही. दहावीच्या मुलीला दीड तासाची शांतता मिळते. लहान घरात ही शांतता पैशाने विकत घेता येत नाही.

म्हणजे मोबाईल हा शत्रूच असे नव्हे. आपल्याच माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडले. मोबाईल त्यावर धरला की धडा ऐकता व पाहता येई. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. साधन तेच, ते कोणत्या कामी लावायचे हे माणसाने ठरवायचे असते.

मोबाईलवर सतत वाजणारी सूचनांची घंटीही एक ‘नज’च आहे, पण ती आपल्या हितासाठी असेलच असे नाही. गावाचा भोंगा गावाने विचार करून लावला. हाच दोहोंतील फरक होय.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीतही माता-भगिनींना सोबत घेऊन बैठक घ्यावी, सर्वांना सोयीची वेळ ठरवावी व परीक्षेच्या महिन्यापासून आरंभ करावा.