अंगणात उभी राहिलेली जुनी व्हॅन : विक्री आणि नोंदणीचा निकाल

महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या अंगणात, परसात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात एक जुनी गाडी वर्षानुवर्षे उभी असलेली दिसते. टायर जमिनीला टेकलेले, काचांवर धुळीचा थर, छपरावर झाडाचा पाचोळा. ही गाडी चालत नाही, ती दुरुस्त करण्याइतका पैसा कोणी काढत नाही, आणि ती विकावी असे मात्र घरातील कोणाच्याही तोंडून निघत नाही. याच गाडीतून मुलगी सासरी गेलेली असते, याच गाडीतून आजोबांना रुग्णालयात नेलेले असते, आणि जेजुरीच्या वाटेवर याच गाडीत दहा माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. तिला भंगार म्हणणे जिवावर येते ते यामुळे.

भावना काहीही असो, प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दप्तरात ती गाडी अद्याप एक जिवंत नोंद असते आणि त्या नोंदीवरील व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने तिची मालक असते. विक्रीच्या वेळी नेमक्या याच बाबीचा विसर पडतो आणि पुढील सर्व अनर्थ त्यातून उद्भवतात.

एक घरगुती वाहन

कौटुंबिक व्हॅन म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन वाहने येतात. एक, पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज टेंपो कंपनीने तयार केलेली मॅटाडोर. हे नाव लोकांच्या तोंडी इतके बसले की पुढे कोणत्याही लहान मालवाहू गाडीला खेडोपाडी ‘मॅटाडोर’ म्हणण्याचा प्रघात पडला. दुसरी, मारुती उद्योगाची व्हॅन. ती 1984 च्या अखेरीस बाजारात आली, 1988 साली तिचे ‘ओम्नी’ असे नामकरण झाले आणि नवीन सुरक्षा निकष लागू झाल्यानंतर 2019 साली तिचे उत्पादन थांबले. 796 घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली, मागे मोकळी जागा आणि बाजूला सरकणारे दरवाजे अशी तिची साधी रचना होती. शाळेची मुले, रुग्ण, दुधाचे कॅन, लग्नाचे सामान आणि देवदर्शनाला निघालेले कुटुंब यांपैकी कशालाच तिने नकार दिला नाही. तिचे इंजिन पाहावयाचे तर आसन उचलावे लागे. लांबच्या प्रवासात त्या आसनावर बसणाऱ्यास उन्हाळा जरा लवकरच सुरू होई!

अशा साध्या वाहनांची दुरुस्ती गल्लीतील मिस्त्रीही करू शके. त्यामुळेच ती वीस-वीस, तीस-तीस वर्षे टिकली, आणि त्यामुळेच आज त्यांच्या कागदपत्रांचा गुंता अधिक आहे.

पंधरा वर्षांचा गैरसमज

पंधरा वर्षे झाली की गाडी आपोआप भंगारात जाते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. खाजगी वाहनांच्या बाबतीत तो बरोबर नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 41 अन्वये खाजगी वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र 15 वर्षांकरिता वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी करून घेऊन ते प्रत्येक वेळी 5 वर्षांकरिता नूतनीकृत करता येते. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण न करण्याचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला तो शासकीय वाहनांना. दिल्ली परिसरातील जुन्या वाहनांसंबंधीचे निर्बंध न्यायालयीन आदेशांतून आलेले असून ते त्या परिसरापुरते आहेत.

नूतनीकरण मात्र पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही. हलक्या मोटार वाहनासाठी असलेले 600 रुपयांचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये करण्यात आले, आणि 20 वर्षांहून जुन्या हलक्या वाहनांसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये झाले. पर्यावरण कर, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र यांचा खर्च निराळा.

खरी अडचण कोठे आहे?

चालू स्थितीतील गाडी विकणे तुलनेने सोपे असते. विक्रेत्याने नमुना 29 मध्ये हस्तांतरणाची सूचना द्यावयाची, नमुना 30 मध्ये मालकी बदलाचा अर्ज करावयाचा, विमा व इतर कागद जोडावयाचे. कलम 50 नुसार खरेदीदार त्याच राज्यातील असल्यास विक्रेत्याने 14 दिवसांच्या आत, परराज्यातील असल्यास 45 दिवसांच्या आत ही बाब कळवावी लागते. परराज्यात जाणाऱ्या वाहनास नमुना 28 मधील ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. खरेदीदारावरही 30 दिवसांच्या आत कळविण्याचे बंधन आहे.

बंद पडलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिची पंधरा वर्षे बहुधा उलटून गेलेली असतात आणि नूतनीकरण झालेले नसते. मुदत संपलेल्या नोंदणीवर मालकी बदल होत नाही. नूतनीकरण करावयाचे तर गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागते. ती उभी करावयाची तर चालली पाहिजे; आणि ती चालत नाही म्हणूनच विकावयाची असते. त्यातच 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवून घेणे महाराष्ट्रात आवश्यक करण्यात आले आहे. हा फेरा पाहून घरातील माणसे कंटाळतात आणि सर्वांत सोपा, परंतु सर्वांत घातक मार्ग पत्करतात. एखादा ओळखीचा माणूस साखळी घेऊन येतो, काही हजार रुपये रोख हातावर ठेवतो, आर. सी. बुक खिशात घालतो आणि गाडी ओढून नेतो. स्टॅम्पपेपरवर दोन ओळी लिहून घेतल्या की आपण मोकळे झालो, असे विक्रेत्यास वाटते.

तो मोकळा झालेला नसतो. याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा 6 फेब्रुवारी 2018 चा एक निर्णय प्रत्येक वाहनधारकाने जाणून घ्यावा असा आहे. त्या प्रकरणातील मूळ मालकाने 2007 साली आपली मोटार दुसऱ्यास दिली. दुसऱ्याने ती तिसऱ्यास, तिसऱ्याने चौथ्यास, याप्रमाणे ती हस्ते परहस्ते जात राहिली. दप्तरी नाव मात्र पहिल्याचेच राहिले. मे 2009 मध्ये त्या गाडीची धडक बसून एका मुलाचा मृत्यू झाला. भरपाई कोणी द्यावयाची हा प्रश्न न्यायालयापुढे आला, तेव्हा ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याच्या अर्थाने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. अपघातग्रस्ताने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे शोध घेत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही, ही त्यामागील भूमिका होय. गाडी विकून जवळपास दोन वर्षे झाली होती, या गोष्टीचा मूळ मालकास काहीही उपयोग झाला नाही.

भंगार म्हणून नेलेली व्हॅन पुन्हा रस्त्यावर येऊ शकते, हेही ध्यानात ठेवणे जरूर आहे. कुशल मिस्त्रीच्या हाती दुसऱ्या गाडीचे इंजिन लागले की ती पुन्हा धावू लागते; तिला विमा नसतो, आणि क्रमांक मात्र तुमच्या वडिलांच्या नावाचा असतो.

नाव वडिलांचे, गाडी मुलांची

अशा बहुसंख्य गाड्या दिवंगत व्यक्तीच्या नावावर असतात. मालकाच्या निधनानंतर वाहन ज्याच्या ताब्यात येते त्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयास निधनाची बातमी कळविल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत ते वाहन वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत नमुना 31 मध्ये अर्ज करून ते आपल्या नावावर करून घ्यावे, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात दुःखाच्या दिवसांत गाडीच्या कागदांची आठवण कोणाला राहते? मग दहा वर्षांनी विक्रीचा विषय निघतो तेव्हा मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतर भावंडांची लेखी संमती गोळा करावी लागते. एक बहीण परगावी, एक भाऊ परदेशी आणि तिसऱ्यास गाडी विकणेच नामंजूर, अशी स्थिती असल्यास ही संमती मिळविणे हेच सर्वांत मोठे काम ठरते. म्हणून गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी घरातील बैठक आधी व्हावी, हे बरे.

गाडी कर्जावर घेतलेली असेल आणि कर्ज फिटूनही तारणाची नोंद कायम असेल तर वित्तपुरवठादाराच्या सहीने नमुना 35 सादर करून ती काढून घ्यावी. 1980 च्या दशकातील गाड्यांची नोंद हस्तलिखित रजिस्टरांत असल्याने ती ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत आहे किंवा नाही हे प्रथम पाहावे. नसल्यास मूळ कार्यालयात अर्ज करून चढवून घ्यावी. प्रलंबित दंडाची चलने भरून टाकावीत.

मोडीत काढण्याचा मार्ग

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या पलीकडे जात असेल, तर नोंदणीकृत वाहन भंगार केंद्राकडे ती सोपविणे हा आज उपलब्ध असलेला सर्वांत निर्धोक मार्ग होय. केंद्र शासनाने सप्टेंबर 2021 मध्ये यासंबंधीचे नियम प्रसिद्ध केले. केंद्राकडे गाडी येताच तिची नोंद ‘वाहन’ प्रणालीत आणि चोरीच्या वाहनांच्या यादीत तपासली जाते. मग मालकास ‘ठेव प्रमाणपत्र’ मिळते. पुढे इंधन, तेल, बॅटरी आणि वायू सुरक्षितपणे काढून घेऊन गाडी मोडली जाते आणि मोडीचे प्रमाणपत्र दिले जाते. गाडी गॅसवर चालणारी असल्यास टाकीची माहिती केंद्रास आगाऊ द्यावी.

ठेव प्रमाणपत्राचे मोल केवळ कागदाचे नाही. त्याच्या आधारे नवीन वाहन घेताना नोंदणी शुल्क माफ होते, आणि मोटार वाहन करात खाजगी वाहनास 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राने राज्यांना दिली आहे. राज्याचा प्रत्यक्ष दर व मुदत नवीन गाडी घेतेवेळी परिवहन कार्यालयातून समजून घ्यावी. हे प्रमाणपत्र हस्तांतरणीयही आहे. स्वतःस नवीन गाडी घ्यावयाची नसल्यास ते दुसऱ्यास विकता येते.

किंमत किती मिळेल, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. उत्तर वजनावर अवलंबून असते. ओम्नीसारख्या व्हॅनचे रिकामे वजन पावणेआठशे किलोंच्या आसपास असते. त्यातून काच, रबर, गाद्या वजा जाता उरलेल्या धातूचा त्या दिवशीचा भाव, इतका हा साधा हिशेब आहे. इंजिन किंवा गिअरपेटी आधीच काढून विकली असेल तर तेवढी रक्कम कमी होणार. मुंबईच्या कुर्ल्यात सुट्या भागांना कदाचित दोन पैसे अधिक मिळतील. पण भाग विकून सांगाडा अंगणात ठेवल्याने नोंदणीचा प्रश्न सुटत नाही.

गाडी पूर्वीच नष्ट झाली असेल किंवा कायमची निरुपयोगी झाली असेल तर कलम 55 चा आधार घेता येतो. मालकाने 14 दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्रमाणपत्रासह तसे कळवावयाचे असते आणि मूळ नोंदणी कार्यालय नोंदणी रद्द करते. चासीवरील क्रमांकाचा कापलेला तुकडा याकामी मागितला जातो. तो भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नये.

जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या दुकानदारामार्फत विक्री करावयाची झाल्यास तो प्राधिकृत आहे याची खात्री करावी. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडी ताब्यात दिल्याची सूचना नमुना 29 ग मध्ये दिली गेली की तो दुकानदार मानीव मालक ठरतो आणि तेथून पुढची जबाबदारी त्याची होते. ही सूचना आपल्यासमोरच भरून घ्यावी.

ठेवून घ्यावयाची असेल तर

काही कुटुंबांना गाडी कोणत्याही किमतीस विकावयाची नसते. त्यात गैर काही नाही. मात्र ती स्वतःच्या आवारात ठेवावी. सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन उचलून नेण्याचा आदेश कलम 127 अन्वये पोलीस अधिकारी देऊ शकतो. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविण्याची सोय 2021 सालापासून आहे. तीत ‘व्ही ए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून अशी गाडी दैनंदिन वापरात आणता येत नाही. 1970 च्या सुमाराची एखादी मॅटाडोर आज या नियमात बसेल. पहिल्या मारुती व्हॅनला मात्र 2034 पर्यंत थांबावे लागेल.

गाडी सोपविण्याच्या दिवशी आसनाखालचे व कप्प्यांतील कागद, पाना-जॅकची पेटी आणि समोरच्या फळीवरील देवाची तसबीर काढून घ्यावी. फास्टॅग बंद करावा, विमा कंपनीस कळवावे. ओढून नेण्यापूर्वी गाडीची छायाचित्रे घ्यावीत : क्रमांकपट्टी, चासी क्रमांक, किलोमीटर दर्शविणारी तबकडी आणि घेऊन जाणाऱ्या वाहनाचा क्रमांक त्यांत स्पष्ट दिसावा. घरातील सर्व मंडळी गाडीजवळ उभी असलेले एखादे छायाचित्रही त्याच वेळी काढता येईल. पहिली छायाचित्रे पावत्या व पोचपत्रांसह नोंदणीच्या फाइलमध्ये लावावीत. या दुसऱ्या छायाचित्राची जागा घरातील थोरांनी ठरवावी.