छिद्र लहान, म्हणून शस्त्रक्रियाही लहान?

यकृतातील गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागणार असे निदान घरात येऊन थडकले, की जमलेल्या आप्तेष्टांपैकी कोणीतरी वडीलधारे गृहस्थ "हल्ली काही भीती नाही, दुर्बिणीने करतात, चार भोकांचे काम, तिसऱ्या दिवशी घरी" असा निर्वाळा देतात, आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवरून काढलेला निष्कर्ष यकृतासही बेलाशक लागू करून मोकळे होतात. हे इतक्या वेळा ऐकावे लागते, की सौजन्य राखून खुलासा करणे आताशा जड जाते. तरी तो करणे प्राप्त आहे, कारण या विधानाचा काही अंश खरा आहे आणि त्या खऱ्या अंशाच्या आडोशानेच उरलेला खोटा अंश खपून जातो.

पोटाच्या भिंतीवरील जखम ही एक बाब, आणि यकृताचा छेद ही सर्वस्वी दुसरी. ज्या इंद्रियातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते, आणि ज्याचे कुइनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५७ च्या आपल्या ग्रंथात पाडलेले आठही खंड स्वतंत्र रक्तपुरवठा व स्वतंत्र पित्तनलिका बाळगून असतात, त्या इंद्रियाचा तुकडा विलग करताना बांधाव्या लागणाऱ्या वाहिन्या पोट उघडून बांधल्या काय किंवा दुर्बिणीतून बांधल्या काय, तितक्याच राहतात. वाड्याची दिंडी लहान केली म्हणून आतल्या कोठाराचा ऐवज कमी होत नाही. शिवाय काढलेला तुकडा काही त्या बोटभर छिद्रातून बाहेर येत नाही. तो पिशवीत भरून बहुधा ओटीपोटावर निराळा छेद घेऊन काढावा लागतो, ही गोष्ट या निर्वाळ्यात कधीच नसते.

मग लाभ कोणता? तो आहे, आणि नाकारण्याचे कारण नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून यकृतात उतरलेल्या गाठींच्या २८० रुग्णांवर ऑस्लो येथे झालेल्या, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्ण वाटून घेतलेल्या चाचणीत (ऑस्लो-कॉमेट) दुर्बिणीच्या गटात १९ टक्के आणि खुल्या गटात ३१ टक्के रुग्णांना उपद्रव झाले, व रुग्णालयातील मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर आला. परंतु त्या चाचणीत यकृताचे लहान भागच काढलेले होते. अर्धे यकृत काढण्याचा प्रसंग आला तेव्हा काय झाले, हे ३५२ रुग्णांच्या 'ऑरेंज २ प्लस' या युरोपीय चाचणीत दिसते: कामचलाऊ प्रकृती परत येण्यास खुल्या शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस लागले, दुर्बिणीनंतर चार. फरक एका दिवसाचा!

गाठ डाव्या कडेच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडात असेल तर दुर्बीण हीच आता रूढ वाट आहे. तीच गाठ श्वासपटलाखाली दडलेल्या सातव्या-आठव्या खंडात असली, तर निष्णात शल्यवैद्यासही घाम फुटतो. तेव्हा विचारावयाचे ते भोके किती, हे नव्हे. गाठ कोठे आहे, मागे यकृत किती उरेल, आणि हाती शस्त्र धरणाऱ्याने अशा शस्त्रक्रिया किती केल्या आहेत, हे.

आता रोबोटविषयी. तो स्वतः शस्त्रक्रिया करतो, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते, ही खेदाची बाब. यंत्राचे हात हलतात ते शेजारी बसलेल्या शल्यवैद्याच्या हुकमानेच. मनगटासारखी वळणारी हत्यारे आणि स्थिर, खोली दाखवणारे दृश्य ही त्याची खरी मातबरी, आणि अवघड कोपऱ्यात टाके घालताना ती कामी येते. परंतु जर्मनीत ८० रुग्णांवर रोबोट आणि साधी दुर्बीण यांची तुलना झाली, तेव्हा पहिल्या ९० दिवसांतील जीवनमानात फरक आढळला नाही.

किरकोळ समजुती थोडक्यात. "लेझरने कापतात": नाही, बहुधा श्राव्यातीत लहरींच्या उपकरणाने पेशी विलग करून वाहिन्या उघड्या करतात व त्यांना चिमटे लावतात. "दुर्बिणीने कर्करोग पसरतो": ऑस्लोच्याच रुग्णांत सरासरी आयुर्मर्यादा (मध्यक) ८० आणि ८१ महिने, म्हणजे जवळजवळ समान. "मधेच पोट उघडले म्हणजे फसले": रक्तस्राव आवरेना तर उघडणे हेच शहाणपण. "यकृत वाढतेच, हवे तेवढे कापा": निरोगी यकृताचा किमान पाचवा हिस्सा मागे ठेवावा लागतो, केमोथेरपी झालेल्याचा सुमारे तीस टक्के, आणि सिरोसिसने जीर्ण झालेल्याचा चाळीस, त्याखाली गेल्यास वाढण्यापूर्वीच ते निकामी होण्याचा धोका असतो, मग छेद कोणत्याही वाटेने घेतलेला असो.