कल्पना सुचण्यासाठी नशा?

गेल्या महिन्यात दवाखाना बंद करण्याच्या सुमारास ओळखीच्या घरातला एक मुलगा आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तक्रार झोप न लागण्याची. नाडी, रक्तदाब ठीक होते. उठता उठता म्हणाला, "डॉक्टरकाका, एक विचारू? आईला सांगणार नाही ना?"

त्याच्या प्रकल्पाचा आराखडा दोन महिने अडला होता. गोव्याहून आलेल्या मित्राने एलएसडीचा टिकलीएवढा कागद देऊ केला होता. "अमेरिकेत इंजिनियरांनी असलं घेऊन अडलेली कामं सोडवली म्हणे. खरं आहे का?"

"थापा आहेत" म्हणून उडवून लावणे सोपे होते. पण ती थाप नाही, आणि एकदा खोटे बोललो की मुले आपल्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाहीत. मी त्याला बसवले.

१९६६ साली कॅलिफोर्नियात विलिस हार्मन, जेम्स फॅडिमन आदी संशोधकांनी २७ जणांवर हा प्रयोग केला. त्यांत इंजिनियर, शास्त्रज्ञ, आर्किटेक्ट होते. प्रत्येकाने आपल्याच व्यवसायातला अडलेला प्रश्न आणला होता. त्यांना २०० मिलिग्रॅम मेस्कलीन, म्हणजे एका निवडुंगात सापडणारे द्रव्य, दिले. काही तास संगीत ऐकवले, मग कामाला बसवले. अनेकांना वाट सापडली. एका इमारतीचा आराखडा तर ग्राहकाने मान्यही केला. त्याच वर्षी सरकारने हे काम थांबवले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ही माणसे निवडून घेतलेली, मनाने स्थिर होती. आपल्या प्रश्नावर आधीच डोके शिणवून आली होती. "आज सुचणार" असे त्यांच्या मनावर ठसवलेले होते. आणि मुख्य म्हणजे, औषधाऐवजी साधी साखरेची गोळी दिलेला दुसरा गट तुलनेला नव्हता. मग गुण औषधाचा की तयारीचा, हे कसे ठरवायचे?

पुढे अशी तुलना झाली. २०२१ साली नेदरलँड्समध्ये ६० जणांवर सायलोसायबिन या अळंबीतील द्रव्याचा प्रयोग झाला. अंमल असताना "काय सुचतंय!" असे लोकांना वाटले, पण दिलेल्या प्रश्नावर मुद्दाम विचार करण्याची कुवत उलट घटली. सात दिवसांनी नव्या कल्पनांची संख्या वाढलेली दिसली, हेही खरे. त्याच वर्षी इंग्लंडमधील संशोधकांनी अत्यल्प मात्रा नियमित घेणाऱ्या १९१ जणांची पाहणी केली. औषधाच्या कॅप्सूलने जेवढे बरे वाटले, तेवढेच रिकाम्या कॅप्सूलनेही वाटले!

ही द्रव्ये मेंदूतील सेरोटोनिनच्या ठरावीक केंद्रांवर काम करतात. एरवी मेंदू नको ते गाळत असतो; ती गाळणी सैल होते. दूरच्या गोष्टी जोडल्या जातात, पण त्यातले चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते, हे निवडणारा विवेकही त्या वेळी सैल असतो.

"रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार?" मी विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मामा." सख्खा मामा, हुशार, ऐन विशीत स्किझोफ्रेनिया जडलेला. अशा घरातल्या मुलाच्या बाबतीत ही द्रव्ये दबलेला आजार वर काढू शकतात. मधुमेहाची विचारतो तशीच ही घराण्याची माहितीही मुलांना दिली पाहिजे. मनोविकारावर औषधे चालू असतील तर धोका आणखी वाढतो.

शिवाय एलएसडी म्हणून विकलेल्या कागदावर भलतेच, प्रसंगी जीवघेणे रसायन असू शकते. आणि १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानुसार जवळ ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त एलएसडी सापडले, तरी किमान १० वर्षे सक्तमजुरी होते.

पालकांनो, कुणी असे काही घेतल्याचे कळले तर आरडाओरडा करू नका, एकटे सोडू नका. मंद उजेडाच्या शांत खोलीत बसवा, लगेच डॉक्टर गाठा आणि काय घेतले ते लपवू नका. लिंबू-ताकाने ही नशा उतरत नाही.

मग अडलेल्या प्रश्नाचे काय? भरपूर डोके घालावे आणि मग झोपावे. २००४ साली जर्मनीत झालेल्या प्रयोगात, रात्रभर झोपलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना आकड्यांच्या कोड्यातली छुपी युक्ती सापडली. जागे राहिलेल्यांत ते प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. मी त्या मुलाला तेच लिहून दिले: रात्री अकराला दिवा बंद, संध्याकाळी तासभर चालणे, चार वाजल्यानंतर चहा बंद.

दहा दिवसांनी तो पुन्हा आला. कागद मित्राला परत केला होता. "काका, आराखडा अजून पुरा सुटला नाही. पण जिना कुठे घ्यायचा ते कळलं."

"कधी?"

"सकाळी दात घासताना."