अर्ध्या मिलीमीटरची फट

नागपूरहून अमरावतीला निघालं, की कोंढाळीपर्यंत गाडीचा एसी उत्तम चालायचा. मग कधीतरी झोतातून कोमट वारा यायला लागायचा. मे महिना, बाहेर ४५ अंश, मागच्या सीटवर आई ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये न्यावी, तर एसी ठणठणीत.

"गॅस कमी असेल," म्हणून दोनदा गॅस भरून झाला. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरत राहणं म्हणजे ग्राहकाचे पैसे घालवणं. शिवाय गॅस कमी असता तर सकाळीही थंडावा बेताचाच पडला असता.

बिघाड हजर नसताना गाडी कितीही तपासा, हाती काही लागत नाही. म्हणून आम्ही त्याची वाट पाहायचं ठरवलं. झोताच्या जाळीत एक साधं थर्मामीटर अडकवलं आणि लेकीनं जुन्या वहीत नोंदी सुरू केल्या: वेळ, तापमान, वारा किती, गाडी चालू की उभी. पहिला प्रश्न असा, की वारा कमी होतो की नुसता गरम होतो? कूलिंग कॉइलवर बर्फ जमला तर वाराच मंदावतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येतो. आमच्याकडे वारा भरपूर होता. फक्त सिग्नलला उभं असताना थंडावा गेला असता, तर कंडेन्सरच्या पंख्यावर संशय घेतला असता. आमचा जायचा तो हायवेवर, ८०च्या वेगात.

चौथ्या दिवशी लेक वही चाळत म्हणाली, "बाबा, तुम्ही एसी बंद करून परत लावता ना, त्यानंतरच जास्त वेळा जातो." या एका वाक्यानं मला बॉनेटखाली नेमकं कुठे पाहायचं ते कळलं.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी मॅग्नेटिक क्लच असतो. इंजिनाचा पट्टा त्याची पुली सतत फिरवत असतो. एसी लावला की आतली कॉइल चुंबक होते, समोरची प्लेट टक करून पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. १९४०च्या पॅकार्ड गाड्यांत कारखान्यातूनच एसी बसवून मिळायचा, पण हा क्लच नव्हता. एसी थांबवायचा तर इंजिन बंद करून कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवावा लागे. मला हे वाचल्यापासून त्या टक आवाजाचं फार कौतुक वाटतं.

रविवारी दुपारी उघड्या अंगणात, उन्हात, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. लेक आत वही घेऊन. टक, थोड्या वेळानं पुन्हा टक. बर्फ जमू नये म्हणून सेन्सर मधूनमधून क्लच सोडवतो, त्याचा हा आवाज. पन्नासेक मिनिटांनी क्लच सुटला आणि पुन्हा लागलाच नाही. पुली फिरत होती, प्लेट मात्र निश्चल. कॉइलच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला: १३.८ व्होल्ट. त्या एका आकड्यानं रिले, प्रेशर स्विच, सेन्सर आणि गॅस, सगळे निर्दोष सुटले. वीज दारापर्यंत येत होती. प्लेट ओढली जात नव्हती.

पट्ट्यापासून हात लांब ठेवून, इंजिन बंद करून कॉइलचा रोध मोजला. गरम असताना ४.५ ओहम, सकाळी थंड असताना ३.६ होता. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे तापलेल्या कॉइलमधून वीज पाचव्या हिश्श्यानं कमी वाहते आणि चुंबक दुबळा होतो. मग फीलर गेजनं प्लेट आणि पुलीमधली फट तीन ठिकाणी मोजली. ०.८ मिलीमीटर. अशा क्लचमध्ये ती अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असावी लागते. वर्षानुवर्षं घासून ती रुंदावली होती. चिकटलेली प्लेट धरून ठेवायला दुबळा चुंबकही पुरतो, पण सुटलेली प्लेट रुंद फटीपलीकडून ओढून घ्यायला त्याचा जोर कमी पडतो. लेकीच्या नोंदीचं कारण हेच, आणि सकाळी थंड बॉनेटखाली गॅरेजला काहीच न दिसण्याचंही.

हे आकडे कागदावर लिहून दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. त्यांनी कागद नीट वाचला, क्लचची प्लेट उतरवली, मागचा एक पातळ वॉशर काढला आणि परत बसवली. गॅसच्या नळ्यांना हातही लावावा लागला नाही.

पुढच्या शनिवारी तळेगावला चहाला थांबलो. एसी मुद्दाम बंद केला, दहा मिनिटांनी पुन्हा लावला. बॉनेटखालून टक आला. थोड्या वेळानं लेकीनं लिहिलं: ३.४०, ११ अंश. आईनं रुमाल घडी करून पिशवीत ठेवला.